सात फुटांचा शाफ्ट कुठे बसवायचा?

वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर अंजनवेल आहे. खाडीच्या तोंडाशी गोपाळगड, पलीकडे दाभोळ, शेजारी वेलदूरच्या होड्या आणि सड्यावर १,९६७ मेगावॅटचा वीजप्रकल्प. अशा किनाऱ्यावर छोटे मशीन शॉप चालते ते मुख्यतः बोटींच्या जिवावर. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत बोटी वर ओढल्या जातात आणि झिजलेले शाफ्ट, सैल झालेले गनमेटलचे बुश, वाकलेले पंखे एकदमच वर्कशॉपच्या दारात येऊन पडतात. १ ऑगस्टला बोट पाण्यात गेलीच पाहिजे, असे प्रत्येक मालकाचे म्हणणे असते. लेथवर उभी राहणारी माणसे मात्र वर्षागणिक कमी होत आहेत. आयटीआय झालेला मुलगा पहिली संधी मिळताच पुण्या-मुंबईकडे निघतो.

मग पुण्याकडच्या मोठ्या शॉपांत चालतात तशी एकाच पकडीत टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग सगळे करणारी स्वयंचलित यंत्रे इथे का आणू नयेत? या प्रश्नावर दोन बाजू आहेत, आणि दोन्ही मनापासून मांडल्या जातात. इथे त्या एका मामाच्या आणि त्याच्या भाचीच्या तोंडी दिल्या आहेत. मामाची हयात लेथवर गेली. भाची रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन चाकणला टर्न-मिल यंत्रांचे प्रोग्रॅमिंग करते. जोडी प्रातिनिधिक आहे. त्यांच्यातला वाद खराच आहे.

“मामा, एक शाफ्ट पुरा व्हायला तुम्ही तो किती वेळा बांधता आणि सोडता?” भाचीने सुरुवात केली.

“मोजलं नाही कधी. दोन्ही तोंडं फेस करायची, सेंटर मारायचं. स्टेडी लावून टर्निंग. पंख्याच्या बाजूला टेपर, पुढे नटासाठी आटे. मग किल्लीची खाच, की-वे. माझ्याकडे मिलिंग नाही, ते चिपळूणला पाठवतो. परत आला की स्प्लिट पिनचं भोक ड्रिलवर.”

“चिपळूणला किती दिवस जातात?”

“कट अर्ध्या तासाचा. पण दोन-चार दिवस पडून राहतो. सीझन त्यांनापण असतो ना बाय.”

“म्हणजे तुमचे दिवस कापण्यात जात नाहीत, वाट बघण्यात जातात. आमच्याकडे तोच जॉब एकदा चकमध्ये धरला की टेपर, आटे, की-वे, भोक सगळं उरकूनच सोडतो.”

भाचीच्या बोलण्यात अतिशयोक्ती नाही. साध्या लेथवर जॉब फिरतो आणि टूल स्थिर असते; मिलिंगवर टूल फिरते आणि जॉब बांधलेला असतो. टर्न-मिल यंत्रात या दोन्ही पद्धती एकत्र आल्या. त्याचे स्पिंडल जॉबला वेगाने फिरवते, आणि हवे तेव्हा अंशाअंशाने वळवून घट्ट धरूनही ठेवते. टरेटवर बसवलेल्या काही टूलांना स्वतःची गती मिळते, त्यामुळे त्याच पकडीत खाच निघते आणि आडवे भोक पडते. पुढच्या प्रतीच्या यंत्रात समोरासमोर दुसरे स्पिंडल असते. पहिल्याने एक बाजू संपवली की ते जॉब आपल्याकडे घेते आणि मागची बाजू पुरी करते. त्याहून वरच्या प्रतीत मिलिंगचे हेडच तिरपे होते आणि टूल बदलण्यासाठी मॅगझिन असते. एमआयटीने १९५२ साली छिद्रे पाडलेल्या फितीवरून चालणारे मिलिंग मशीन दाखवले, त्या कल्पनेची ही आजची मजल आहे.

वेळ वाचतो हा या यंत्राचा एक फायदा. माझ्या मते त्याहून मोठा फायदा अचूकतेचा आहे. जॉब चकमधून काढून पुन्हा धरला की केंद्र थोडे का होईना सरकते. कसलेला टर्नर डायल लावून ते पुन्हा जुळवतो, पण त्याला वेळ लागतो, आणि दर पकडीची चूक मागच्या चुकीत मिळत जाते. पकडच एक असेल तर टेपर आणि आटे एकाच केंद्रावर राहतात.

मामाने हे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. “माझा सात फुटी शाफ्ट तुझ्या मशीनमध्ये कुठे बसवायचा?”

छोट्या शॉपला झेपतील अशा किमतीची टर्न-मिल यंत्रे आखूड जॉबसाठी बनवलेली असतात. सव्वादोन मीटर लांबीचा जॉब दोन सेंटरांमध्ये घेणारी यंत्रे मिळतात, पण ती मोठ्या भांडवलाच्या कारखान्यांसाठी. इथे वाद संपायला हरकत नव्हती. पण भाचीकडे उत्तर होते.

“मागून बसवायचा. स्पिंडल पोकळ असतं. पंच्याहत्तर मिलिमीटरचं भोक असेल तर तुमचा दोन इंची शाफ्ट मागच्या बाजूने आत जातो. पुढे येतं ते फक्त टोक. टेपर, आटे, की-वे, भोक, सगळं टोकावरच तर असतं. मधला भाग ग्राइंड केलेला बार विकत घेतला तर टर्न करावाच लागत नाही. एक टोक झालं की उलटा घालायचा.”

“मागे लोंबतो तो भाग फडफडणार.”

“आधार लावायचा आणि फेरे कमी ठेवायचे.”

“नवा शाफ्ट असेल तर मान्य,” मामा म्हणाला. “पण माझ्याकडे नवे किती येतात? जुना येतो. बुशात घासून मधेच खाच पडलेला, थोडा वाकलेला. तो आधी सरळ करायचा, वेल्डिंगने भरायचा, मग टर्न करून मापात आणायचा. त्याचं ड्रॉइंग कुठलं? बोटवाला बुश घेऊन येतो आणि ‘यात बसला पाहिजे’ म्हणतो. तेच त्याचं ड्रॉइंग.”

या उत्तरावर भाचीकडे तोड नव्हती, आणि माझ्याकडेही नाही. स्वयंचलित बहुकार्यी यंत्राला ज्या कामाचे चीज करता येते ते काम दोन लक्षणांवरून ओळखता येते: त्याचे निश्चित ड्रॉइंग असते आणि ते पुन्हा पुन्हा येते. दुरुस्तीच्या कामात ही दोन्ही लक्षणे नसतात. दर जॉब नवा, त्याची झीज नवी, त्याचा वाक नवा. अशा कामात प्रोग्रॅम लिहून, टूलांचे ऑफसेट घेऊन, पहिला कट जपून चालवेपर्यंत कसलेल्या माणसाने साध्या लेथवर काम संपवलेले असते. यंत्रनिर्मात्यांच्या माहितीपत्रकांत हा फरक ठळकपणे कधी येत नाही, म्हणून तो इथे नोंदवतो.

भाचीने मग नजर खाडीवरून आत वळवली. खेड तालुक्यात लोटे परशुरामची रासायनिक वसाहत आहे, चिपळूणजवळ खडपोलीची एमआयडीसी आहे. रासायनिक कारखान्यात पंप आणि व्हॉल्व्ह सतत चालतात आणि सतत झिजतात. पंपाचे स्लीव्ह, व्हॉल्व्हचे स्टेम, इम्पेलरचे नट, ढवळणीच्या शाफ्टची टोके हे सगळे बहुधा स्टेनलेसचे, ठरलेल्या मापाचे आणि पुन्हा पुन्हा लागणारे. “व्हॉल्व्हचा स्टेम बघा मामा. एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला चौकोन, मधे ग्लँडसाठी आरशासारखं फिनिश. लेथ, मिलिंग, पुन्हा लेथ. टर्न-मिलसाठी याहून चांगला जॉब नाही. लोट्याहून असं काम घाट चढून जाणार असेल, तर ते इथेच का होऊ नये?”

“होऊ दे की. पण हिशेब काय?”

हिशेब तिने कागदावर केला. समजा, यंत्र ६० लाखांचे, सगळे कर्जाचे, व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख २७ हजार. महिन्याला २५ दिवस, दिवसाला आठ तास यंत्र कापत राहिले तर २०० तास होतात; म्हणजे तासाला सुमारे ६४० रुपये नुसता हप्ता. दोन पाळ्या चालवल्या तर तोच आकडा ३२० वर येतो. वीज, टूलांच्या टिप, कूलंट, पगार हे वर.

मामाने पेन घेतले आणि त्याच कागदाच्या खाली लिहिले: ८० तास. “काम एवढंच मिळालं तर?”

तासाला जवळपास १,६०० रुपये. भाची काही वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली.

६०, १० आणि ५ हे आकडे उदाहरणादाखल आहेत. बँक आणि यंत्र बदलले की तेही बदलतील. त्यातला संबंध मात्र बदलत नाही. साधी जुनी लेथ रिकामी उभी राहिली तर मालकाला दुःख होते, पण तिचे पैसे केव्हाच फिटलेले असतात. नवे यंत्र रिकामे उभे राहिले तरी त्याचा हप्ता चालूच असतो. त्यातही सगळी कामे एकाच यंत्रात आली की आणखी एक अडचण येते: ते मिलिंग करत असते तेव्हा टर्निंग थांबलेले असते, आणि ते बंद पडले की लेथही बंद, मिलिंगही बंद, ड्रिलही बंद.

“कर्जाला तारण लागत नाही आता,” भाची म्हणाली. “सीजीटीएमएसईची, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची, हमी आहे. एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत.”

“ती हमी बँकेला, मला नाही. माझं बुडालं तर बँकेला पैसे मिळतील. माझ्या डोक्यावरचं कर्ज जाईल काय?”

मामाचे म्हणणे बरोबर आहे, आणि ही गोष्ट कर्ज घेणाऱ्यांना नीट सांगितली गेली पाहिजे. हमीमुळे तारण देण्याची अट टळते. परतफेडीची जबाबदारी कर्जदाराचीच राहते.

उधारीचा प्रश्न त्याच्याच पोटातला. कंपनीचे काम म्हणजे बिलासाठी तीन-तीन महिने फेऱ्या, असा लहान शॉपवाल्यांचा अनुभव असतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याने ही मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची ठरवली आहे. प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ बीचे (एच) हे उपकलम आले आणि एप्रिल २०२४ पासून लागू झाले. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजा मिळतो. त्यासाठी शॉपची उद्यम नोंदणी हवी. भाचीने विचारले तेव्हा मामाची ती झालेली नव्हती. यंत्र घेवो वा न घेवो, हे काम त्याने आठवड्यात करायला हवे.

मग मामाने सड्याकडे बोट दाखवले. अंजनवेलमध्ये यंत्राबद्दल बोलताना हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही.

“याहून मोठं मशीन कुठे बघितलंस? काय झालं त्याचं?”

तिथल्या वीजप्रकल्पासाठी एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीने १९९३ च्या डिसेंबरात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने तो रद्द केला आणि पुढे नव्या अटींवर पुन्हा केला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला, तोही नाफ्त्यावर, कारण नैसर्गिक वायूची सोय पुढच्या टप्प्यात व्हायची होती. नाफ्ता महागला, डॉलर महागला, वीज मंडळाला परवडेना. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी राहिली आणि २००६ मध्ये वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली. नंतर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला तशी टर्बाइने पुन्हा थंडावली. २०१५ अखेरीस रेल्वे गिऱ्हाईक म्हणून आली, तेव्हा त्यातला सुमारे ५०० मेगावॅटचा भाग चालू लागला.

“जनरल इलेक्ट्रिकची टर्बाइनं. जगातली चांगली,” मामा म्हणाला. “तरी उभी राहिली. चालवायला गॅस नाही आणि वीज घ्यायला माणूस नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, मग माझं काय?”

“मामा, तुम्हीच सांगितलंत की टर्बाइनं चांगली होती. चुकला तो करार. विजेचा भाव गिऱ्हाइकाला परवडेल का, हे आधी ठरलं नाही. म्हणून यंत्रच नको, असं कसं होईल? आधी गिऱ्हाईक बांधा, मग यंत्र घ्या, एवढाच त्याचा अर्थ.”

दोघांनी एकाच प्रकल्पातून काढलेले हे दोन अर्थ वाटतात तितके दूर नाहीत. मामा ‘नको’ म्हणतो तेव्हा त्याला ‘ऑर्डरशिवाय नको’ असे म्हणायचे असते. भाची ‘हो’ म्हणते तेव्हा ती ऑर्डर मिळेल असे धरून चालते. चाकणला तिच्या यंत्रापुढे जॉबच्या रांगा लागलेल्या असतात. ऑर्डर कुठून येते हे तिला कधी पाहावे लागलेले नाही.

सड्यावरच्या एलएनजी टर्मिनलची हकिकतही इथे जोडून सांगण्यासारखी आहे. टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झाले, पण लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्याने कित्येक वर्षे पावसाळ्यात तिथे वायूची जहाजे लागू शकली नाहीत. मोठ्या यंत्रणेचे चालणे अशा एका बाजूच्या गोष्टीवर अवलंबून असते. मशीन शॉपमध्ये ती गोष्ट म्हणजे वीज, दमट खारी हवा आणि दुरुस्तीचा माणूस. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या पट्ट्यात कंट्रोल पॅनेल कोरडे ठेवणे हेच एक काम आहे. निसर्ग वादळानंतर २०२० मध्ये उत्तर रत्नागिरीत अनेक ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. पुण्याचा सर्व्हिस इंजिनिअर कुंभार्ली घाट उतरून येईपर्यंत यंत्र थांबते. स्टॅबिलायझर, वातानुकूलित पॅनेल, जमिनीपासून उंच पाया आणि वार्षिक देखभालीचा करार यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे.

भाचीने लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला दिला. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत, नांगर बराच काळ पडून राहिले, तरी त्यांनी धीर सोडला नाही आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. मामाला ही गोष्ट ठाऊक होती. “त्यांना ते यंत्र उघडता येत होतं, बाय. म्हणून धीर धरता आला. मला तुझं मशीन उघडता येत नाही.”

“पण माझ्या मशीनवर तुमच्यासारख्या माणसाची गरज पडते,” भाची म्हणाली.

हे ती मामाला बरे वाटावे म्हणून बोलली नाही. ३१६ प्रतीचे स्टेनलेस कापताना टूल नुसते घासत राहिले तर पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि पुढच्या फेरीत टिप जाते. फीड धरून कट घ्यावा लागतो. त्याच्या चिप तुटत नाहीत, लांब तारा होऊन जॉबभोवती आणि टूलभोवती गुंडाळतात. हाताच्या लेथवर टर्नर ते पाहून आकड्याने ओढून काढतो. बंद दाराच्या स्वयंचलित यंत्रात त्या तारा फिनिश झालेल्या भागावर ओरखडे पाडतात, दुसऱ्या स्पिंडलने जॉब घेताना मधे अडकतात. रात्री यंत्र लावून घरी जायचे स्वप्न स्टेनलेसच्या या तारांपाशी अडते. त्यावर चिप तोडणाऱ्या टिप आहेत, जोराच्या दाबाचे कूलंट आहे. पण कुठल्या फीडला चिप तुटेल हे आवाजावरून आणि रंगावरून ओळखणारा माणूस प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या शेजारी असला तर आठवड्याचे काम दिवसात होते. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत प्रशिक्षणाला पाठवायचा पहिला माणूस नवा मुलगा नसावा. जुना टर्नर असावा, असे मला ठामपणे वाटते.

मग अंजनवेलच्या या शॉपने काय करावे? बहुकार्यी यंत्र इथे घेऊ नये, हे माझे मत. लांब बेडची लेथ हेच किनाऱ्यावरचे खरे यंत्र आहे आणि ते राहिले पाहिजे. मामाचा घात करतो तो की-वेसाठीचा चिपळूणचा फेरा. तो टाळायला एक चांगली वापरलेली मिलिंग मशीन पुरते, आणि तिची किंमत टर्न-मिलच्या पासंगाला पुरत नाही. भाचीचे यंत्र खडपोलीला किंवा लोट्याला बसावे, कारण त्याचे काम तिथे आहे. ते एकट्याच्या डोक्यावर न घेता अनेक शॉपांनी मिळून घ्यावे. चिंचवडचा ऑटो क्लस्टर आणि वाळूजचा मराठवाडा ऑटो क्लस्टर केंद्राच्या योजनेतून सामाईक सुविधा म्हणूनच उभे राहिले. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या क्लस्टर योजनेत सामाईक सुविधा केंद्राची तरतूद आजही आहे.

भाचीला हे पुरते पटले नाही. “सगळे एकत्र येईपर्यंत काम घाटावर गेलेलं असेल,” असे ती म्हणाली. तिची घाई रास्त आहे. त्यामुळे निघताना तिने मामाला सांगितले ते गुहागर, चिपळूण, खेडमधल्या प्रत्येक शॉपवाल्याला सांगण्यासारखे आहे. ज्या कामाला ‘आमच्याकडे होत नाही’ असे म्हणून परत पाठवता ते वहीत लिहा: जॉब कोणता, धातू कोणता, किती नग, कोणाचा, वर्षातून किती वेळा. शक्य असेल तिथे ड्रॉइंग मागून ठेवा. सहा महिन्यांनी ती वही घेऊन यंत्रविक्रेत्याकडे जा आणि प्रत्येक ड्रॉइंगला किती मिनिटे लागतील हे त्याच्याकडून लेखी घ्या. असा टाइम स्टडी ते करून देतात. महिन्याचे तास हप्त्याला पुरेसे भरले तर शेजारच्या शॉपवाल्यांना सोबत घेऊन रत्नागिरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात सामाईक केंद्राचा अर्ज करा. नाही भरले तर मिलिंग मशीन घ्या आणि पुढच्या वर्षी वही पुन्हा मोजा.